ओबी डंपवरची पीएचडी

खुल्या कोळसा खाणीत कोळशापेक्षा माती-दगडच जास्त निघतो. वर्धा खोऱ्यात एक टन कोळसा हाती लागावा म्हणून वरचे कित्येक घनमीटर थर उपसावे लागतात. या उपशाला खाणीत सगळे ओबी (ओव्हरबर्डन) म्हणतात आणि तो जिथे रचतात तो डंप. दगड फोडला की त्याचं आकारमान चांगलंच वाढतं, त्यामुळे खड्ड्यातून निघालेलं सगळं परत त्याच खड्ड्यात मावत नाही. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, बल्लारपूर या पट्ट्यात रस्त्याने जाताना सपाट माथ्याच्या ज्या टेकड्या दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे हे डंप. ते का घसरतात आणि नेमके कुठून घसरतात, हा माझ्या पीएचडीचा विषय.

29 डिसेंबर 2016 ला झारखंडमधल्या लालमाटिया इथल्या राजमहल खुल्या खाणीत ओबीचा मोठा भाग कोसळला आणि 23 कामगार त्याखाली गेले. मी तेव्हा बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबा खाणीत डंपर चालवत होते. डंपर मागे घेत डंपच्या कडेपर्यंत नेणं, डंपमनच्या इशाऱ्यावर थांबणं, हौदा उचलणं, हे काम त्यांनी उभा जन्म केलं. राजमहलची बातमी आली त्या दिवशी ते घरी आले, जेवले आणि एवढंच म्हणाले, "कडेवर उभं राहताना खाली काय आहे ते आपल्याले दिसत नाही ना." हा विषय माझ्या डोक्यात तेव्हापासून बसला. पुढच्याच वर्षी कोल माइन्स रेग्युलेशन्स 2017 लागू झाले आणि खुल्या खाणीतल्या उतारांच्या शास्त्रीय अभ्यासाला नियमांत ठोस जागा मिळाली. डंपसाठीचे आकडेही त्यात आहेत: उतार 37.5 अंशांपेक्षा जास्त नको, उंची 30 मीटरच्या वर गेली तर बेंच, म्हणजे पायऱ्या, पाडा, एकूण उतार दीड आडव्याला एक उभा यापेक्षा तीव्र नको. नियम चांगले आहेत. पण हे आकडे डंपच्या अंगाबद्दल बोलतात. डंप ज्यावर उभा आहे त्या जमिनीचा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा करावा लागतो.

मायनिंगमध्ये पीएचडी करायची तर आपल्याकडे जागा मोजक्याच आहेत. धनबादचं आयएसएम, जे 1926 पासून आहे आणि 2016 मध्ये आयआयटी झालं. खरगपूर, वाराणसी, राउरकेला, सुरतकल. आणि आपल्या नागपूरचं व्हीएनआयटी. दोन वर्षं नोकरी केल्यावर मी गेटचा मायनिंगचा पेपर दिला आणि नागपूर निवडलं. माझा डंप नागपूरपासून काही तासांवर होता, हे एक कारण. दुसरं असं की इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय, वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय, कोळसा खाणींचं नियोजन करणाऱ्या सीएमपीडीआयचं क्षेत्रीय कार्यालय, खाण संशोधन करणाऱ्या सिंफरचं केंद्र, सगळं याच शहरात. एखादा जुना बोअरहोल लॉग, म्हणजे भोक पाडताना लागलेल्या थरांची नोंद, हवी असेल तर कुणाकडे जायचं हे दोन दिवसांत कळतं. विषय निवडताना लोक गाइड बघतात, रँकिंग बघतात. आपला दगड किती लांब आहे हे आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: नैसर्गिक स्थिरकोन आणि अंतर्गत घर्षणकोन एकच का? पहिला म्हणजे सुटा ढीग आपसूक ज्या उतारावर थांबतो तो कोन; दुसरा म्हणजे कण एकमेकांवरून घसरायला किती विरोध करतात याचं माप. फळ्यावर मोहरचं वर्तुळ, म्हणजे आतल्या ताणांचा आलेख, काढून उत्तर द्यायचं होतं. कोरड्या, सुट्या, न दाबलेल्या वाळूसाठी दोन्ही जवळपास सारखे येतात. ओलसर, चिकणमाती मिसळलेल्या, वजनाखाली दबलेल्या ओबीसाठी नाही. हा फरक बोलता आला म्हणून माझी निवड झाली असावी, कारण नंतरची सगळी वर्षं मी त्याच फरकाभोवती फिरले.

कोर्सवर्क लवकर उरकलं. खडक यांत्रिकी, भूसांख्यिकी, संख्यात्मक पद्धती, संशोधनपद्धती. पुढची कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा मात्र खरी कसोटी असते. तिथे समितीतले प्राध्यापक तुमच्या विषयाच्या कडेकडेने प्रश्न विचारत तुम्हाला मुळापर्यंत नेतात.

मी आले तेव्हा माझा बेत सॉफ्टवेअरचा होता. डंपची भूमिती घ्यायची, साहित्यातले माती-दगडाचे गुणधर्म घ्यायचे, मॉडेल चालवायचं, सुरक्षा गुणांक काढायचा. सुरक्षा गुणांक म्हणजे उताराला धरून ठेवणारं बळ भागिले त्याला खाली ओढणारं बळ. 1 म्हणजे काठावर, 1.3 किंवा 1.5 म्हणजे निर्धास्त, असा साधारण व्यवहार. माझ्या गाइड सरांनी प्रस्ताव वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "एक पावसाळा डंप बघून ये. मग आपण मॉडेलचं बोलू."

खाणीत जाणंही असं उठून होत नाही. आधी संस्थेचं पत्र, मग एरिया ऑफिस, मग सब एरिया, मग खाणीचा मॅनेजर. माहिती बाहेर देणार नाही याचं हमीपत्र. वैद्यकीय तपासणी. मग व्हीटीसी, म्हणजे व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरमधलं प्रशिक्षण. 1966 च्या नियमांपासून खाणीत काम करायला येणाऱ्याला ते घ्यावं लागतं. तिथे मी नव्याने भरती झालेल्या मुलांच्या शेजारी बसून हॉल रोडवर, म्हणजे डंपरांच्या रस्त्यावर, डावीकडून चालायचं की उजवीकडून, ब्लास्टिंगचा भोंगा झाल्यावर कुठे थांबायचं, डंपरच्या आंधळ्या बाजूला का उभं राहायचं नाही, हे सगळं शिकले. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत हे नसतं. शंभर टनी डंपरच्या चालकाला उजवीकडचं किती कमी दिसतं हे तिथल्या प्रशिक्षकांनी मला केबिनमध्ये बसवून दाखवलं, तेव्हा बाबांच्या नोकरीचा अर्थ नव्याने कळला.

बाई म्हणून अडचणी होत्याच. 1952 च्या खाण कायद्यात स्त्रियांना जमिनीखाली काम करायला आणि वर रात्रीच्या पाळीला बंदी होती. जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने काही अटींवर ती शिथिल झाली. भारतातली पहिली महिला खाण अभियंता म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या चंद्राणी प्रसाद वर्मा नागपूरच्याच. त्यांच्यासारख्या बायकांनी दार ढकललं म्हणून माझ्यासारखी आत शिरू शकली, याची मला रोज जाणीव असायची. प्रत्यक्षात अडायचं ते साध्या गोष्टींशी. डंपपासून बायकांसाठीचं स्वच्छतागृह ऑफिसपाशी, म्हणजे गाडीशिवाय न गाठता येणाऱ्या अंतरावर. चंद्रपूरचा मे महिना, पारा 46-47 अंशांवर, आणि मी पाणी कमी प्यायचे. हे कुणीही करू नये. पुढे सेफ्टी ऑफिसरांनी स्वतःहून लक्ष घातलं आणि डंपजवळच्या चौकीपाशी सोय करून दिली. त्याचा फायदा माझ्यानंतर आलेल्या सर्व्हेच्या मुलींनाही झाला.

पहिल्या पावसाळ्यात मी फक्त बघितलं. टोटल स्टेशन या सर्व्हेच्या यंत्राने डंपवर बसवलेल्या प्रिझमची, म्हणजे काचेच्या खुणांची, मापं घेतली, भेगा मोजल्या, पायथ्याशी फिरले. पाठ्यपुस्तकात डंप घसरतो तो वर्तुळाच्या चापावरून: माथा खाली बसतो, पोट पुढे येतं. सुरक्षा गुणांक काढायची बिशपची 1955 ची पद्धत अशाच वर्तुळाकार पृष्ठासाठी आहे आणि ती सुंदर आहे. पण इथे मला वेगळंच दिसत होतं. माथ्यावर कडेला समांतर लांबच लांब भेग पडायची, तिच्या पुढचा भाग जवळजवळ सपाट, अख्खाच्या अख्खा पुढे सरकायचा आणि पायथ्यापुढची जमीन फुगून वर यायची. म्हणजे डंपच्या पोटात वर्तुळ तयार होतच नव्हतं. वरचा त्रिकोण खालच्या तुकड्याला रेटत होता, आणि खालचा तुकडा तळावरून घसरत होता.

तळाशी काय होतं हे समजायला या भागाची जमीन डोळ्यांपुढे आणावी लागते. सगळ्यात खाली तालचिर नावाचा खडकांचा थर, त्यावर कोळसा असलेला बराकार, त्यावर कामठीचा पिवळसर-तांबूस वालुकाश्म. या थराला नाव मिळालं ते नागपूरजवळच्या कामठीवरूनच. काही ठिकाणी त्यावर दख्खनचा बेसाल्ट आणि सगळ्यात वर आपली काळी माती. बराकारच्या शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून झालेल्या पापुद्रेदार खडकात, कधी कधी ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पानं सापडतात, साधारण 28 कोटी वर्षांपूर्वीची. कोअर बॉक्समधला, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या कांड्यांच्या पेटीतला, एक तुकडा उघडला तर आत मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंनी निघालेल्या जाळीदार शिरा अगदी स्पष्ट होत्या. तो तुकडा बराच वेळ माझ्या हातात राहिला. एकोणिसाव्या शतकात नागपूरला राहून स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातले जीवाश्म गोळा केले. आज त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्या नागपूरकरांना ठाऊक आहे, त्यांचं हे काम फार थोड्यांना.

तर खाणीबाहेरचा डंप उभा राहतो तो काळ्या मातीवर. ही माती कपाशीला उत्तम, वजन पेलायला वाईट. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडतात. डंप रचण्याआधी ही माती काढून वेगळी साठवायची असते, कारण पुढे डंपवर झाडं लावायला तीच लागते. पण जुने डंप जिथे रचले गेले तिथे ती सगळी निघाली असेलच असं नाही. वरून ओबीचा भार आणि पावसाचं मुरलेलं पाणी. मधे अडकलेला वीतभर जाडीचा काळा थर. मला संशय या थराचा होता. त्याचा नमुना मिळवायचा कसा, हा प्रश्न होता. वर 50-60 मीटर दगडधोंडे. ड्रिलिंग करायला गेलं तर ओबीत भोक धरत नाही, कोसळतं. आणि थर हाती आलाच तरी चोळामोळा होऊन येतो.

वाट मिळाली ती एका डोझर ऑपरेटरमुळे. खाण पुढे वाढवायची म्हणून एका जुन्या डंपचं रिहँडलिंग सुरू होतं, म्हणजे तो उचलून दुसरीकडे हलवत होते. मी रोज तिथे घुटमळते हे त्यांनी पाहिलं होतं. एकदा दुपारी मला हाक मारून म्हणाले, "ताई, तुमची ती माती निघाली पाहा खाली. साबणावानी आहे. डोझरच घसरून राह्यला." मी धावत गेले. शॉवेलने ओबी कापून नेल्यावर डंपचा उभा छेद उघडा पडला होता. वर वालुकाश्माचे तपकिरी-पिवळे गोटे, त्याखाली शेलचा राखाडी चुरा आणि अगदी तळाशी तो काळपट, ओला पट्टा. त्याचा ढेकूळ हाताने उकलला तर आतलं पृष्ठ चकचकीत होतं आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे होते. भूशास्त्रात याला स्लिकनसाइड म्हणतात. डंप त्या पृष्ठावरून सरकला होता, आणि कोणत्या दिशेने सरकला हेही ओरखड्यांवरून वाचता येत होतं. ओरखड्यांची दिशा होकायंत्राने घेतली, वरच्या जुन्या भेगेच्या नोंदींशी ताडली. दोन्हींचा मेळ बसत होता.

त्यांनी माझ्यासाठी डोझर बाजूला घेतला आणि मॅनेजरांनी तेवढा भाग कुंपण घालून राखून ठेवला. आम्ही मातीचे ठोकळे कापले. करवतीच्या पातळ पात्याने चारही बाजू सोडवायच्या, ठोकळ्यावर बाण काढून सरकण्याची दिशा लिहायची, मलमलीचं कापड गुंडाळायचं, वर वितळलेलं मेण ओतायचं, लाकडी पेटीत भुसा भरून बसवायचं. ओलावा उडाला तर नमुना वाया. गाडीत पेटी मांडीवर धरून मी नागपूरला आले.

प्रयोगशाळेतलं काम संथ असतं. माती आडवी कापून तिचं बळ मोजायची डायरेक्ट शिअरची पेटी 60 मिलिमीटर चौरस. आयएस 2720 या भारतीय मानकाच्या तेराव्या भागात तिची रीत दिली आहे. नमुना दोन अर्ध्या पेट्यांत बसवायचा, पाण्यात भिजवायचा, वरून भार देऊन दबू द्यायचा आणि मग खालची अर्धी पेटी इतक्या हळू सरकवायची की आतल्या पाण्याचा दाब साठू नये. चिकणमातीतून पाणी बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून एकेक चाचणी दिवसेंदिवस चालते. अवशिष्ट बळ हवं असेल तर पेटी पुढे-मागे, पुढे-मागे करत राहायचं, जोवर प्रतिकार उतरत उतरत एका जागी स्थिर होत नाही. माती पहिल्यांदा तुटताना जो प्रतिकार करते तो कमाल; एकदा तुटून घासून गुळगुळीत झाल्यावर उरतो तो अवशिष्ट. मॉन्टमोरिलोनाइट जास्त असलेल्या मातीत अवशिष्ट घर्षणकोन 10 अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरतो. कण सरकण्याच्या दिशेने आडवे झोपतात आणि एकमेकांना अडवत नाहीत. चाचणी संपल्यावर पेटी उघडून दोन अर्धे वेगळे केले, खिडकीच्या उजेडाकडे धरले, तर खाणीत दिसली होती तीच चकाकी. प्रयोगशाळेत डंपचं घसरणं पुन्हा घडवता आलं, हे त्या क्षणी कळलं.

एक्स-रे डिफ्रॅक्शनने खनिजाची ओळख पक्की केली. नमुन्याला ग्लायकॉलची वाफ दिली की मॉन्टमोरिलोनाइटच्या थरांतलं अंतर 14-15 अँगस्ट्रॉमवरून 17 च्या आसपास जातं. आलेखावरचं शिखर तसंच सरकलं.

वरच्या ओबीच्या चाचण्यांत वेगळी पंचाईत. 60 मिलिमीटरच्या पेटीत 4.75 मिलिमीटरपेक्षा मोठा कण चालत नाही आणि डंपमध्ये तर मोटारसायकलएवढे दगड. मोठे कण काढून टाकले तर उरलेलं साहित्य डंपचं प्रतिनिधित्व करत नाही. म्हणून मोठी पेटी वापरली आणि कणांच्या आकाराचा आलेख समांतर खाली सरकवून, म्हणजे लहान-मोठ्या कणांचं आपसातलं प्रमाण तेच ठेवून आकार कमी करून, नमुने तयार केले. तरीही शंका राहतेच. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात लांब प्रकरण या शंकेबद्दल आहे, आणि मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं. डंपच्या पीएचडीत शेवटी सगळं दोन आकड्यांवर येऊन ठेपतं, सी आणि फाय, म्हणजे चिकटपणा आणि घर्षणकोन. सॉफ्टवेअर तुम्ही द्याल ते आकडे घेतं. ते कुठल्या मातीतून, किती ओल्या, किती घासलेल्या मातीतून आले हे ते विचारत नाही. ते विचारायचं काम पीएचडी करणाऱ्याचं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. प्रयोगशाळा बंद झाली. कोळसा खाणी अत्यावश्यक सेवेत, त्या चालू राहिल्या. बाबा पाळीला जात होते आणि मी घरात बसून उपग्रहाचा डेटा उतरवत होते. सेंटिनेल-1 या युरोपीय उपग्रहाच्या रडार प्रतिमा मोफत मिळतात आणि दोन प्रतिमांतल्या फरकावरून जमिनीची हालचाल मिलिमीटरांत काढता येते. एकच उपग्रह धरला तर तो 12 दिवसांनी त्याच जागेवर येतो. जिथे रोज नवा ओबी पडतो तिथे बारा दिवसांत पृष्ठभागच बदलून जातो आणि दोन प्रतिमांची सांगड बसत नाही. जुन्या, थांबलेल्या डंपवर मात्र ती बसते. ज्या डंपकडे आता कुणी फिरकत नाही तो पावसाळ्यानंतर किती बसला हे घरबसल्या दिसत होतं. हे प्रकरण मूळ प्रस्तावात नव्हतं, टाळेबंदीने दिलं.

पाण्याचा दाब मोजायला डंपच्या पायथ्याजवळ पीझोमीटर बसवले होते. त्यातले काही एका रात्रपाळीत ओबीखाली गाडले गेले. रात्री दिव्यांच्या उजेडात जमिनीतून वर आलेला पाइप दिसला नाही, यात कुणाचा दोष नव्हता. पण एका पावसाळ्याचा डेटा गेला, आणि पावसाळा वर्षातून एकदाच येतो. नवे बसवले तेव्हा त्याच डोझर ऑपरेटरांनी सुचवलं की डिझेलचे रिकामे ड्रम लाल-पांढरे रंगवून भोवती उभे करा. पुढच्या पावसाळ्यात एकालाही धक्का लागला नाही. सप्टेंबरअखेरच्या वाचनांत दिसलं की पाऊस थांबल्यावरही तळाचा दाब पुढे बरेच आठवडे उतरत नाही. पाऊस संपला म्हणजे धोका संपला, असं खाणीत सर्रास धरलं जातं. हे आलेख मी मॅनेजरांपुढे ठेवले तेव्हा त्यांनी माथ्याच्या भेगांची तपासणी दिवाळीनंतरही चालू ठेवायला सांगितली.

मग मॉडेल. तोच डंप, तीच भूमिती. वर्तुळाकार पृष्ठ धरलं की सुरक्षा गुणांक 1.3 च्या वर, म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक. तळाच्या काळ्या थरातून जाणारं, दोन तुकड्यांचं पृष्ठ धरलं आणि अवशिष्ट बळ आणि मोजलेला पाण्याचा दाब घातला की तो 1 च्या आसपास. दोन्ही उत्तरं गणिताच्या दृष्टीने बरोबर. त्यातलं एक खाणीत घडलं होतं.

पेपर पाठवला, तो परत आला. परीक्षकाचं म्हणणं असं की एका खाणीतल्या एका डंपवरून हे म्हणता येणार नाही. म्हणणं योग्यच होतं. दुसऱ्या खाणीत परवानग्यांचा सगळा फेरा पुन्हा, दुसरं रिहँडलिंग शोधणं, पुन्हा ठोकळे, पुन्हा चाचण्या. त्या काळात फेलोशिपची चिंता वाढत गेली. 2019 मध्ये तिचा सुरुवातीचा दर महिना 31,000 झाला होता, जानेवारी 2023 पासून 37,000 झाला. पण ती पाच वर्षांपुरतीच असते, आणि खाणीत प्रत्यक्ष जागेवर काम करणाऱ्याची पाच वर्षं ऋतूंवर खर्च होतात. मायनिंगच्या पीएचडीला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते: आपलं वेळापत्रक पावसाळ्यांत मोजा. शेवटच्या काही महिन्यांत घरच्यांनी खर्च उचलला. बाबा तोवर निवृत्त झाले होते. या पैशांबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या खाणीतही तोच थर सापडला, फक्त तिथे तो खाली बेसाल्ट झिजून झालेल्या मातीशी मिसळलेला होता आणि त्याचं बळ थोडं जास्त होतं. निष्कर्ष त्यामुळे जास्त नेमका झाला: सगळ्या काळ्या मातीला एकच आकडा लावू नका, प्रत्येक नव्या डंपच्या जागी खड्डे खणून तिथला थर तपासा. पेपर स्वीकारला गेला.

प्रबंध लिहिणं, समानता तपासणी, सिनॉप्सिसचं सादरीकरण, परीक्षकांकडून अहवाल यायची वाट, हे सगळीकडे सारखंच. व्हायव्हा मात्र लक्षात राहिली. परदेशातले परीक्षक पडद्यावर होते. त्यांनी विचारलं, नवा डंप जिथे रचायचा आहे तिथे माती अजून सरकलेली नाही, मग तिथेही कमाल बळ सोडून अवशिष्ट का वापरायचं? हा प्रश्न मी मनात अनेकदा घोळवला होता. मी सांगितलं की काळी माती स्वतःच्या फुगण्या-आकसण्यानेच दरवर्षी आतून घासली जाते, डंप यायच्या आधीही तिच्यात स्लिकनसाइड असतात. त्यावरून डोझर आणि डंपर फिरतात. आणि डंपचा भार एकदम सगळीकडे पडत नाही, आधी एक भाग तुटतो, मग तो आपला भार शेजाऱ्यावर टाकतो. सगळा थर एकाच क्षणी कमाल बळाने लढेल असं धरणं धोक्याचं आहे. मी जुन्या डंपच्या छेदाचं आणि डंप नसलेल्या शेजारच्या शेतातल्या खड्ड्याचं छायाचित्र शेजारी शेजारी दाखवलं. दोन्हींत चकचकीत पृष्ठं होती. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे शेतातलं छायाचित्र प्रबंधात पहिल्या प्रकरणात हवं. अंतिम प्रतीत ते तिथे आहे.

शिफारशी साध्या आहेत आणि खाणीतल्या माणसाला करता येण्याजोग्या आहेत. डंप रचण्याआधी काळी माती पूर्ण उचला. खालचा तळ गुळगुळीत असेल तर रिपरने, म्हणजे डोझरच्या मागच्या दातेरी नांगराने, किंवा हलक्या ब्लास्टिंगने खडबडीत करा. पहिला थर वालुकाश्माच्या मोठ्या दगडांचा टाका, म्हणजे पाणी खालून निघून जाईल. शेल आणि चिकणमाती वरच्या थरांत ठेवा. पायथ्याला दगडांची भिंत, भोवती गारलंड ड्रेन, म्हणजे डंपला वेढा घालणारे पाण्याचे चर, आणि ते पावसाळ्याआधी उपसलेले. पहिल्या खाणीच्या मॅनेजरांनी नव्या डंपच्या एका भागावर यातल्या बहुतेक गोष्टी केल्या. मोठे दगड आधी टाकायचे म्हणजे शॉवेलची पाळी आणि डंपरच्या फेऱ्या बदलाव्या लागतात, उत्पादनाचा हिशेब बिघडतो. तरी त्यांनी केलं. तिथल्या प्रिझमची मापं मी अजून घेते.

सध्या माझं काम खड्ड्याच्या आतल्या डंपांवर चाललं आहे. कोळसा निघून गेलेल्या खड्ड्यात पाणी साठतं आणि त्यातच मागून ओबी भरत आणतात. तिथे तळाला काळी माती नसते, पण कोळशाखालचा शेल असतो आणि तो पाण्यात राहून भिजून सुटतो. स्लेक ड्युरॅबिलिटीच्या, म्हणजे खडक पाण्यात किती टिकतो हे तपासायच्या, फिरत्या ड्रममध्ये तो दोन फेऱ्यांतच भुगा होतो. अशा एखाद्या जागी रिहँडलिंग चालू असेल आणि तळ उघडा पडत असेल, तर खाणीत काम करणाऱ्या वाचकांनी मला जरूर कळवावं. छेद बुजायच्या आत यायची माझी तयारी असते. मेण, कापड आणि करवत गाडीतच ठेवलेली आहे.